ताडपत्रीखालची मोटार

१२ जुलै
सोसायटीची पाण्याची मोटार जळाली. जूनपासून दुसऱ्यांदा. टँकर, बादल्या, जिन्यात चिखल. चेअरमन पानसेंनी मोटार निळ्या ताडपत्रीत गच्च बांधलेली, जशी काही पार्सलने गावी धाडायचीय. म्हटलं, अहो, मागचा पंखा हवा ओढतो, त्याचंच तोंड बांधलंत. तापणार नाही तर काय? शिवाय आत वाफ धरते.
"मॅडम, धायरीत पाऊस पडतो. कल्पना असेल."
आहे. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग केलंय मी. पण बाईने सांगितलं ना!

१६ जुलै
मोटार नवं वाइंडिंग भरून आली. वायरमनला विचारलं, मेगर लावून ओल तपासलीस? "काकू, फिरतीये ना? मग झालं." ताडपत्री पुन्हा चढली. मी सोडली. संध्याकाळी परत बांधलेली. या वेळी गाठी जास्त.

१९ जुलै
पॅनेल उघडून पाहिलं नि कपाळावर हात मारला. मोटारीच्या पाटीवर साडेसात अँपिअर आणि ओव्हरलोड रिले बारावर! म्हणजे मोटार भाजून निघेपर्यंत हा ती बंद पाडणारच नाही. पानसे अभिमानाने, "सारखी ट्रिप व्हायची. मीच वाढवला." ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडायचा. मी साडेसातवर आणला.

२० जुलै
दोनदा ट्रिप. वरच्या मजल्यांना पाणी नाही. ग्रुपवर पानसे: "काही सभासद पॅनेलशी खेळत आहेत." काही म्हणे! आदरार्थी बहुवचन असेल.
आमचे हे म्हणाले, "रिटायर झालीस ना? मग हो की."
दुपारी रिले परत बारावर. पॅनेलला कुलूप.

२४ जुलै
लक्ष्मणभाऊंना शॉक बसला. आमचे वॉचमन, वाशिमकडचे. व्हॉल्व्ह फिरवताना मोटारीला हात टेकला, फेकलेच गेले. दवाखान्यात नेलं. थोडक्यात वाचले, डॉक्टर म्हणाले.
परत येऊन बघते तर मोटार अजून चालूच! टेस्टर लावला, तिच्या अंगावरच करंट. अर्थिंगची वायर नुसती लोंबतेय. भरायला नेताना सोडली, ती कुणी जोडलीच नाही. मेन पाडला, मीटर रूममधले तिन्ही फ्यूज काढून पर्समध्ये टाकले. मग मोटारीचा जंक्शन बॉक्स उघडला. आत चमचाभर पाणी.
रिले रिले करत बसले. अर्थिंग बघायचं मला का नाही सुचलं? तीस वर्षं म्हणे.

२५ जुलै
पानसे दारात. "फ्यूज द्या."
"आधी अर्थिंग. मग मोटार सुकवून मेगर. वर पत्रा, बाजू उघड्या. मग फ्यूज."
"मीटिंगमध्ये ठेवू."
म्हणजे झालंच.
दुपारी लक्ष्मणभाऊ स्वतः आले. "ताई, सुरू करून द्या ना. लोकं मलेच बोलून राहिले." शॉक त्यांना, बोलणी त्यांनाच. चहा दिला. फ्यूज नाही दिले. ते गेल्यावर रडू आलं, रागाने.

२७ जुलै
नोटीस लागली. मीटिंग रविवारी. विषय पहिला, माझ्यावर कारवाई. मोटारीचा पत्रा सहावा, 'वेळ उरल्यास'.
आणि पानसेंनी लक्ष्मणभाऊंकडे एक कागद दिलाय. त्यात लिहिलंय, 'हात माझे ओले होते, चूक माझी.' खाली सही करायची.
गेटवर गाठलं त्यांना. कागद खिशातच, सही नव्हती.
"करणार?"
"खोली सोसायटीची हाये, ताई. पोरगी बारावीले. कुठं जाऊ?"
"आणि नाही केली तर?"
"थेच इचार करून राहिलो."
नका करू, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण खोली काय माझी जाणार होती? तशीच वर आले.