करंज तोडू नकोस

कोयनानगर,
ता. ७ मार्च १९५९

प्रिय अक्का,

मी म्हणालो म्हणून लगेच झाड विकायला काढायचं का? दोन वर्षं मी ओरडत होतो तेव्हा ऐकलं नाहीस. "झाड आपल्या बापानं लावलेलं न्हाय, तोडायचा हक तुला कुणी दिला," म्हणून माझं तोंड बंद करायचीस. आणि आता मी इकडं धरणावर येऊन बसलो, भांडायला कुणी उरलं नाही, तर तुझं पत्र येतं की हरिबा लाकूडवाल्याचा विसार घेतला, पाडव्यानंतर करंज पडणार, तुझ्या मनासारखं झालं, आता पोरगी बघायला ये. अशी कशी गं तू?

भांडत मीच होतो, हे खरं. आई गेल्यावर ओढ्याकाठचा तो करंज म्हणजे तुझा दवाखानाच झाला. पार सास्तूरपासून लोक आपल्या माकणीला यायचे. कुणाला खरूज, कुणाला नायटा, कुणाची बोटं झडलेली. तू शेंगा फोडायचीस, बिया वाळवून उखळात कुटायचीस, पाण्यात उकळून वर आलेलं तेल निपटून घ्यायचीस. घरभर तो कडू वास. माझ्या सदऱ्यालासुद्धा. आणि तेल कधी कुणाला नुसतं हातात दिलं नाहीस. पहिल्या दिवशी आपल्या हातानं चोळायचीस. मी चिडलो की म्हणायचीस, "त्याला हात लावायला कुणी न्हाय म्हणून तर आलाय, नुसतं तेल घिऊन काय करंल?" उमरग्याचे पाहुणे मला बघायला आले, झाडाखालची ती माणसं बघून पाणी न पिता गेले, त्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन निघालो होतो. तूच आडवी आलीस.

इथं माझं बरं चाललंय. सळया वाकवायचं काम. आपल्याकडचा बिराप्पा एकाच झोपडीत आहे, स्वयंपाक पाळीनं करतो. मागच्या महिन्यात आमटी उतू जायला लागली. मी पातेलं चुलीवरनं नुसत्या हातांनी उचलून खाली ठेवलं. सगळे बघतच राहिले. बिराप्पा म्हणाला, "आता सांडशी इकून टाका रं, ह्यो गडी हाय की!" तेव्हापासून माझं नावच सांडशी. रोज जेवणाच्या वेळी आरडाओरडा, "सांडशी, उचल!" मी उचलतो. ते हसतात, मीही हसतो. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतो, तेव्हा मी सळईचं नाव सांगतो. अक्का, माझ्या कोपराखाली एक तांबूस चट्टा आहे. खाजत नाही. भर उन्हात सगळं अंग निथळतं, तेवढी जागा कोरडी.

तू नव्या माणसाला डोळे मिटायला लावून बाभळीच्या काट्यानं हळूच टोचायचीस. लागलं तर "व्हय" म्हण, म्हणायचीस. व्हय म्हणणाऱ्याला तेल. जो गप बसायचा त्यालाही तेल चोळायचीस, पण मग शहरातल्या दवाखान्यात धाडायचीस, गेल्याशिवाय पुन्हा येऊ द्यायची नाहीस. काल मी दगडांच्या ढिगामागं बसून काटा घेतला. डोळे मिटले. टोचलं आणि वाट बघत बसलो. लई वेळ बसलो. डोळे उघडले तर काटा आत मोडलेला, रक्त आलेलं, आणि मी अजून व्हय म्हणालोच नव्हतो. ठेकेदाराला कळलं तर कामावरनं हाकलंल, बिराप्पाला कळलं तर झोपडीतनं. तरी सोमवारी दवाखान्यात जातोय, तू दुसऱ्यांना धाडायचीस तसाच. गोळ्या मिळतात म्हणे. पण डॉक्टर काही अंगाला हात लावून चोळत बसणार नाही. मी गावी आलो तर मला झाडाखाली बसवशील का घरात, एवढं एका ओळीत कळव. पोरीकडच्यांना काहीतरी सांगून थांबव. हे पत्र वाचून चुलीत घाल. आणि हरिबाचा विसार त्याच्या दारात जाऊन परत कर. त्यानं वीस दिलेत, तो जास्त मागंल, मागू दे. आज तीस रुपयांची मनीऑर्डर केली आहे.

तुझाच,
शिवप्पा