मशीनच्या पायाखालची चकती

बाबा,

गाडी मी नेली आहे. ओरडू नका, आता ती तापत नाही.

रेडिएटरला पंख्याभोवती पत्र्याचं कडं आहे ना, त्यात पाती अर्धी आत, अर्धी बाहेर हवीत. आपली सगळीच बाहेर राहून इंजिनलाच वारा घालत होती. म्हणजे पंख्याला पुढे, कड्यात ढकलणारी, त्याच्यामागची बोटभर जाडीची चकतीच नव्हती! ती गेली कुठे, या विचाराने माझं डोकं पोखरलं होतं.

सकाळी झाडताना सापडली. आईच्या शिलाई मशीनच्या पायाखाली! मशीन डगमगतं म्हणून आई कुरकुरत होती, तेव्हा तुम्हीच खाली काहीतरी सरकवलं होतंत.

चकती मी पंख्यामागे परत बसवली; आता मशीनखाली लाकडाचा तुकडा घाला. मावशीकडे रुसून बसलेल्या आईला घेऊनच येते, ती कितीही नाही म्हणाली तरी.

एकच कळत नाही. चकती तिथे चुकून गेली, की आईचं मशीन हलू नये म्हणून तुम्ही इतके दिवस गाडी तापू दिलीत? चुकून गेली असेल, तर कृपा करून गप्प बसा. वाटेत मी आईला दुसरंच सांगणार आहे.

चिमी