डावा कौल

६ मे १९९६, पणदरे

विजयमाला मॅडमनी आज स्टाफरूममध्ये बोलावून चक्क पेढा दिला. अमेरिकेतल्या कॉलेजनं मला घेतलं! डेअरीची दोन वर्षांची डिग्री. फी माफ. राहायचं एका गोठेवाल्या शेतकऱ्याच्या घरी आणि दोन्ही वेळा त्याच्या गाईंच्या धारा काढायच्या. म्हणजे इथं करते तेच, फक्त तिथं त्याची डिग्री मिळते! मॅडमचा भाऊ तिकडं असतो, सगळी खटपट त्याची. ऑगस्टात हजर व्हायचं. हो की नाही ते जूनअखेर कळवायचं.

घरी अजून बोलले नाही. 

९ मे

सांगितलं. आई म्हणाली, लग्नाची पोर परदेशी धाडली तर लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? तात्या धार काढत राहिले. बादली भरल्यावर विचारलं, दोन वर्षं म्हणजे किती दिवाळ्या? दोन, म्हटलं.

"देवाला इचारू," म्हणाले.

हेच होणार होतं! आजोबांच्या काळी मेंढरं कुठल्या अंगाला न्यायची तेही बिरोबाच ठरवायचा. मेंढरं गेली, जर्सी गाई आल्या, कौल काही सुटला नाही.

१९ मे, रविवार

डावा पडला.

सावळाराम पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. विचारणाऱ्यानं प्रश्न मनात धरायचा, ओठ हलवायचे नाहीत. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. तात्यांनी डोळे मिटले. मी उजव्या फुलावरची नजर काढलीच नाही, म्हणून डावं पडताना मला दिसलंसुद्धा नाही. आईचा सुस्कारा ऐकला तेव्हा कळलं.

तात्या पायरीवर बसले ते उठेनात. शेवटी मीच हात धरून उठवलं.

२० मे

लिहवत नाही.

३ जून

मॅडम संतापल्या. बी.एस्सी.ला बसलीस आणि एका फुलापायी आयुष्य सोडतेस?

फुलापायी नाही हो मॅडम! तात्यांनी नुसतं "जा पोरी" म्हटलं असतं तर देव आडवा आला असता तरी गेले असते. पण ते देवाच्या मागं जाऊन बसलेत. माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत. गाईशी बोलतात, माझ्याशी नाही.

बिरोबाशी मी बोलणं टाकलंय. घरातल्या फोटोला आई उदबत्ती लावते तेव्हा मी उठून बाहेर जाते. करू दे काय करायचं ते!

१६ जून

बावड्याचं स्थळ आलं. अविराज. एमआयडीसीत दूध प्लँटवर कामाला, रोज एवढ्या लांबून मोटरसायकलवर येतो. मला विचारलं, तुम्हाला कशाची आवड? मी म्हटलं, गाईंची. हसला. म्हणाला, "मग आमच्याकडं चार हायेत की."

माणूस वाईट नाही, तीच पंचाईत आहे. वाईट असता तर चारजणांत पाय आपटून नाही म्हणता आलं असतं. मी होकारार्थी मान हलवली. नाहीतरी आता कुठं जायचंय?

२३ जून

सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर. आई सगळ्यांना साखर वाटत होती. तात्यांनी हातातली साखर तशीच धरून ठेवली, तिला पाणी सुटलं.

२८ जून

मॅडमनी माझ्यासमोर नकाराचा फॅक्स पाठवला. मीच पाठवा म्हटलं. कागद मशीनमधून आत गेला आणि तसाच बाहेर आला. मला वाटत होतं, तो तरी तिकडं जाईल.

एसटीत रडू आवरेना. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, माहेरनं निघालीस व्हय गं? हो म्हटलं. तिनं केळं दिलं.

५ जुलै



सकाळी गोठ्यात तात्यांनी बादली खाली ठेवली. म्हणाले, "अनू, देवाला म्या येगळंच इचारलं हुतं."

मला कळेना.

"पोरगी हितंच ठिवू का, आसं इचारलं. देव न्हाय म्हनला."

सगळ्यांनी धरलं, पोरीला पाठवू का असं विचारलं आणि देव नको म्हणाला. तात्यांनी ते खोडलं नाही. का, विचारलं मी. ओरडूनच विचारलं.

"तू जानार न्हाईस ह्येच ग्वाड लागलं. गप बसलो. वाटलं, आज सांगीन, उद्या सांगीन."

मग ते गाईच्या पाठीवर डोकं टेकून रडले. माझा बाप! त्यांना मी कधीच रडताना पाहिलं नव्हतं. राग यायला हवा होता, आलाही, पण तो त्यांच्यावर धरताच येईना. इतके दिवस देवाशी अबोला धरला, आणि माझ्या बाजूचा तो एकटाच होता.

जागा गेली. शब्द दिलाय. आता सांगून काय उपयोग, तात्या?

७ जुलै, रविवार

तात्या धुतलेला फेटा बांधून सकाळीच बावड्याला गेले. सोयरीक मोडायला. देवाचं उत्तर आपणच दडवलं, असं चारचौघांत सांगणार आहेत. अमेरिकेची जागा गेली हे त्यांना ठाऊक आहे, तरी पोरीला मोकळी करतो म्हणत गेले. आई चुलीपुढं रडतेय. मी त्यांना अडवलं नाही.