दोन रेषा, एकच टी

१० जुलै २००१
नाशिकला आलो एकदाचा! मनमाडला बापाचे टोमणे ऐकण्यापेक्षा हे झकास. प्राध्यापकाची कॉलर धरून कॉलेज सोडलं, पण गणित सुटलं नाही. कॉलेज रोडवर, तिसऱ्या मजल्यावर, रंगनाथ सरांचा क्लास. तिथे कॉम्प्युटरवर रेषा नि प्रतलं काढून द्यायची नोकरी. आणि माझी तेजस्विनी याच शहरात शिकते. शिपाई जयराम म्हणाला, मजनू, रेषा काढायला आला का पोरगी बघायला? म्हटलं, दोन्ही!

१६ जुलै
पडद्यावर नाशिक मांडलं. जमीन म्हणजे एक प्रतल, त्यावर उंचीचा अक्ष. एक रेषा माझी, एक तेजूची. टी नावाचा वेळेचा आकडा वाढवला की दोघांचे ठिपके आपापल्या रेषेवरून सरकतात. पण रेषा समांतर नाहीत नि भेटतही नाहीत. रेल्वेपुलाखालून रस्ता जावा तशी माझी तिच्या खालून गेली. डोकंच फिरलं.

२१ जुलै
टी थांबवला तेव्हा तिचा ठिपका कॅनडा कॉर्नरच्या चौकात होता. सहज गेलो. ती तिथेच, बंद पडलेल्या स्कूटीला किक मारत! म्हणाली, पुन्हा मागे आलास तर दादाला सांगेन. नारळी पौर्णिमेला साखरपुडा आहे माझा.
साखरपुडा? बघतोच.

२३ जुलै
आकडे पिळले. रेषा छेदल्या! सर हसले. रेषा छेदल्या म्हणजे ठिपके भेटले का रे गाढवा? एक सकाळी जाईल, दुसरा संध्याकाळी. दोघांचा टी एकच हवा.
केला एकच.

२४ जुलै
ठिपके भेटतात. पण टी पुढे नेला की दोन्ही गायब. सर म्हणाले, रेषेला शेवट नसतो, ठिपका जाईल कुठे?
काय करून बसलो मी हे?

२५ जुलै
रेषा पुसल्या. पुन्हा उमटल्या. प्लग उपटला. पडदा चालूच. टी आपोआप वाढतोय —
तिच्या हॉस्टेलला फोन केला. स्कूटी घेऊन बाहेर पडलीय म्हणे.
माझ्या रेषेचे दिशेचे आकडे शून्य केले. ठिपका जागीच गोठला. बरं झालं. मी हललोच नाही तर टक्कर कशी —

तिची रेषा वळली. इकडे. आता वर चढतेय — पहिला मजला —
जयराम जिन्यात ओरडतोय, मजनू, आल्या बघ वहिनी!
दार लावायला हवं. उठता येत नाही. पाय — मीच शून्य केले —
दुसरा मजला — मी ओरडतोय, आवाज फुटत नाही — फक्त पेन —
कडी वाजली. तेजू, आत येऊ न