चटणीतलं मीठ

मंगळवार, रात्र

शेंगाचटणी कुटताना डोक्यातला आवाज आलाच. "मीठ दोनदा घातलंस. तुला काही जमत न्हाय." एरवी मी त्याच्याशी भांडत बसते. आज दवाखान्यातल्या मॅडमनी शिकवलं तसं केलं. बोलतोय तर बोलू दे, आपलं लक्ष हातातल्या बत्त्यावर. बोलून बोलून गेला की निघून!

जेवताना सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि पाणी मागितलं. मीठ खरंच दोनदा पडलं होतं. सांगावं का? सांगून टाकलं, "आवाज म्हणत होता, मीच लक्ष दिलं न्हाय." त्या आवाजाचं नाव काढलं की घरात विषय बदलतात. पण सासूबाई म्हणाल्या, "मिठापुरतं तरी ऐकायचं की गं." दोघी हसत सुटलो. मग दही कालवून तीच चटणी संपवली.