कड्यापासून वळायला लागणारा वेळ

३ नोव्हें. २००३, देवास
कोपर ठणकतंय. शाळेत मुलींना सांगितलं, स्कूटीवरून पडले. खेळाच्या बाई स्कूटीवरून पडल्या म्हणून खूप हसल्या. हसू देत.
काल नालछ्याच्या पुढच्या कड्यावरून पॅराशूट घेऊन उडी. छत्री उघडली ती डावीकडे फिरूनच, आणि समोर कडा! दरीकडे तोंड हवं होतं, तर सरळ भिंतीवर धावली. खांद्यावरचा उजवा पट्टा जिवाच्या आकांताने ओढला. वळली, पण कोपर घासलंच. मग कसंबसं झुडपात उतरले.
शरद खाली गाडी घेऊन उभा होता. पाणी दिलं, जखम धुतली. परतीला धार शहर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. नवऱ्याचा असा गप्पपणा ह्याआधी पाहिला नव्हता.

५ नोव्हें.
धारहून गिरीश भियांचा फोन; माळव्यात भैयाचं भिया होतं. फौजेत उड्या शिकवायचे. कॉलेजात एन.सी.सी.त असताना माझी पहिली उडी त्यांनीच करवली होती.
"ग़लती छतरी की नी है ताई, ब्रेक की है."
खरं आहे. ब्रेक म्हणजे छत्रीची मागची कड खाली ओढणाऱ्या दोन दोऱ्या. ही छत्री विमानातून मारायच्या उडीसाठी लावलेली, म्हणून ब्रेक आधीपासून कमीच ओढलेले. उघडताच पुढे पळते. आकाशात पळू दे, तिथे कोण अडवतं? कड्याजवळ ब्रेक जास्त हवेत, म्हणजे ती जागच्या जागी तरंगेल आणि मला वळायला वेळ मिळेल. पण फार ओढले तर हवा सुटून मागे कोसळणार.
किती ओढायचे?
"वो तो तुमारे वज़न पे है. हवा में ही पता पड़ेगा."

९ नोव्हें.
शरदशी बोलणं झालं शेवटी. भांडण नव्हे. कारखान्यातून आला, चहा घेतला, म्हणाला, "तू उडतेस तेव्हा मला वर बघवत नाही. मी हरभऱ्याकडे बघत उभा असतो."
सांगितलं, पुढची उडी विमानातून आहे, पाठीवर दुसरी, राखीव छत्री असते.
"आणि कड्यावर?"
कड्यावर नसते. तिला उघडायला तेवढी उंचीच मिळत नाही.

१६ नोव्हें.
हवाई पट्टीवर भियांच्या ओळखीतल्या लोकांचं उड्यांचं शिबिर. सकाळीच मिळालं विमान.
भियांनी ब्रेकच्या दोऱ्यांवर तीन रंगांचे धागे बांधून दिले. खाली लाल, मग पिवळा, वर निळा. काम इतकंच: ब्रेक हळूहळू ओढायचे आणि छत्री कोसळायला लागेल तेव्हा कुठला धागा पट्ट्याच्या कडीशी आला ते बघायचं.
लाल, काही नाही. पिवळा, वेग जवळजवळ संपला. कानातला वारा गेला. खाली गव्हाची शेतं, पाटाचं पाणी चमकत होतं, आणि इतकं शांत की माझाच श्वास ऐकू येत होता. निळा आला आणि डोक्यावरचं कापड चुरगळलं. हात वर सोडले. भरली पुन्हा! परत एकदा ओढले, तेव्हाही निळ्यालाच कोसळली.
उतरल्यावर भियांना ओरडूनच सांगितलं, "निळा! दोन्ही वेळा निळा!"
"तो पीले से थोड़ा ऊपर रखेंगे. नीले के लालच में नी पड़ना."

१९ नोव्हें.
पिवळ्या धाग्याच्या वर नवा फास शिवायला घेतला. उडीआधी ब्रेकच्या दोरीचं हँडल ह्याच फासात अडकवायचं, म्हणजे ब्रेक तेवढे ओढलेले राहतात. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या हव्यात. डावी तीनदा उसवली.
सासूबाई समोर येऊन बसल्या. चष्मा लावून बघत राहिल्या.
"तू त्या दिवशी गाडीवरून पडली नव्हतीस."
"नाही."
सगळं सांगून टाकलं. कडा, भिंत, ब्रेक. वाटलं आता रडतील, नाहीतर शरदला बोलावतील. त्यांनी उसवलेला फास हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, "जाशील तेव्हा मला सांगून जात जा, सूनबाई. मागाहून कळलेलं मला सोसत नाही."
आणि सुईत दोरा ओवून दिला.

३० नोव्हें.
झाली.
निघताना सासूबाईंच्या पाया पडले. "येते," म्हटलं. हातावर दही घातलं त्यांनी.
कड्यावर वारा जवळजवळ नव्हता. भिया म्हणाले, "मन नी हो तो मत कूदो. गाड़ी में बैठ के घर चलते हैं." मन होतं. पाय नाही म्हणत होते.
उडी. उघडली. आणि परत डावीकडे फिरून कड्याकडे तोंड! पण ह्या वेळी धावली नाही. तरंगत राहिली. समोरचा दगड दिसला, त्यातलं गवत दिसलं, आणि तरी वेळ होता. उजवा पट्टा ओढला, दरी समोर आली, मग ब्रेक सोडले. मोठ्याने हसत होते मी एकटीच.
हरभऱ्याच्या कडेला उतरले, उभ्याने. शरद धावत आला. ह्या वेळी वर बघत होता म्हणे, सगळा वेळ. मिठी मारली, आणि भिया कड्यावरून उतरून आले तेव्हा त्यांच्या देखत हुंदकाच फुटला त्याला. मग मलाही. भिया धोतऱ्याची झुडपं निरखत बसले.
घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "बरं. जेवायला या."
आज झोप लागेल.

४ डिसें.
एक राहिलंच. दोन्ही वेळा डावीकडेच का फिरली? भिया म्हणतात, घडी घालण्यात फरक पडला असेल. मला वाटतं, डावीकडची एखादी दोरी आखडली आहे. मोजल्या, सगळ्या सारख्या. मग?
शरद गच्चीच्या दारात उभा. "झालं ना आता मनासारखं?"
छत्री गच्चीवर पसरली होती, ती गोळा करायला घेतली. एकटीला आवरेना. तो चपला काढून आला आणि डावं टोक हातात घेऊन उन्हात धरलं.
"बघ," म्हणाला, "इथली शिवण जरा आवळल्यासारखी वाटते का?"