मामाचं गाव विचारल्यावर

अमडापूर

आयुष्मान धम्मरत्न यांस,

रुख्मिणीबाईंचा सप्रेम जय भीम. तुमची मुलगी तुमच्याशी बोलत नाही आणि मी तुमचा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो, आणि जावयावर आवाज चढवू नये एवढं मला कळतं. कागदावर चढला तर निदान शेजारी ऐकू जात नाही. तुमची तब्येत बरी असावी. पुण्याची हवा मानवत असेल तर हे वाचून झाल्यावरही मानवो. इकडे मी ठणठणीत, आणि माझ्याकडे असलेल्या तुमच्या लेकीचा, महामायेचा, खोकला गेला. (खोकल्याचं पुढे सांगते.)

तुम्ही पोरीला पहिला फोन पाठवलात आणि सोबत ताकीद, की अनोळखी माणसाचा मेसेज आला तर फोन परत पुण्याला. ती ताकीद मी त्याच दिवशी मोडीत काढली. फोन जाणार हे ठाऊक असेल तर कोणतं लेकरू सांगायला येईल? (आमच्या कॉलेजात चिठ्ठ्या येत, त्या याच कारणाने घरी कळत नसत. माझ्या नव्हे, मैत्रिणींच्या.) मी तिला म्हटलं, फोन मी घेणार नाही, पण कोणी लिहिलं तर आपल्या रीतीने विचारायचं, गाव कोणतं, कोणाची तू, मामाचं गाव कोणतं, आणि मला दाखवायचं. आपल्याकडे एवढं सांगितल्याशिवाय पाहुण्याला दुसरा चहा मिळत नाही.

गेल्या आठवड्यात पोर उतरलेल्या तोंडाने फोन घेऊन आली. परी मलकापूरकर नावाची तेरा वर्षांची मुलगी तिच्याशी गप्पा मारत होती. बरोबरीची म्हणून विचारायचं राहून गेलं. आणि आज ती मुलगी विचारत होती, खोकला कसा आहे. खोकल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी खिडक्या लावल्या, दूधवाल्याची उलटतपासणी घेतली (तो आता दूध फाटकातूनच देतो) आणि महामायेला म्हटलं, विचार. परीने मामाचं गाव सांगितलं वडनेर भोलजी, मामाचं नाव पुंजाजी.

त्या गावात मला एकच पुंजाजी ठाऊक, तुमचे मामा. दुसऱ्याच दिवशी एसटीने निघाले. (खामगावला गाडी बदलेपर्यंत शेजारच्या बाईला सगळी हकिकत सांगून झाली होती, तीही सोबत येते म्हणाली.) मामांनी चहा ठेवायला लावला. मी तो बाजूला सारून सुनांसमोर विचारलं, की मलकापुरात तुमची कोणती बहीण आहे, आणि तिची मुलगी आम्हाला आजवर कशी माहीत नाही. मामींनी मामांकडे जे पाहिलं, ते मी लिहीत नाही. मामा सावकाश म्हणाले, "मले एकच बहीण व्हती, बाई. तिले एकच पोरगा. तो तुमचाच जवाई हाय. त्याले मिशा हायेत."

जावईबापू, माणूस नाव बदलतो, वय चोरतो, फोटो परक्याचा लावतो. मामाचं गाव विचारलं की खरं बोलतो. महामायेने परीलाही ब्लॉक केलं आणि तुम्हालाही. मी समजावलं, बापाला काळजी असते. ती म्हणाली, "आजी, मले विचारलं असतं तर मी सगळं सांगतलं असतं. माही परीक्षा काऊन घेतली?" याचं उत्तर तुम्हीच द्यायचं, इथे येऊन, तिच्यासमोर बसून.

आपली,
रुख्मिणीबाई

ता.क. माझ्या लेकीला यातलं काही ठाऊक नाही. रविवारपर्यंत तुम्ही आलात तर होणारही नाही.

दुसरा ता.क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी आहे. पोर परीचे जुने मेसेज उघडून वाचते आणि एकटीच हसते. परीला गणिताची धास्ती होती, डब्यातली भाजी ती मांजराला घालायची, आणि संध्याकाळी तिला घरची फार आठवण येते. बाबा असं कधीच बोलले नाहीत, म्हणते. आल्यावर तसं बोला, मिशांसकट.

पत्र पुंजाजी मामा स्वतः आणत आहेत (मी पोस्टाने पाठवणार होते, पण त्यांना तुमचं तोंड पाहायचं आहे). त्यांच्या हाती दिलं: आंब्याच्या लोणच्याची एक बरणी, मुगाच्या वड्या, आणि एक चिकटवलेलं पाकीट. आत महामायेच्या फोनचा पासवर्ड आहे. मी मागितला नव्हता, तिनेच दिला. पाकिटावर तिच्या अक्षरात आहे: फक्त बाबांसाठी. परीला दाखवू नये.